पाण्याचा घडा, फेकलेली फाइल आणि गुंडाळलेली चटई: बडोद्यातील एक उमेदवारी

१/ मोठ्या कंपन्यांत अलीकडे ‘विविधता आणि समावेशन’ या नावाचा एक विभाग असतो. पदवी नुकतीच हाती आलेली मुले-मुली तेथे काही महिने इंटर्नशिप करतात. कोणत्या समाजगटाचे किती लोक नोकरीत आहेत याचे तक्ते तयार करणे, प्रशिक्षणवर्गांची आखणी करणे, तक्रारींच्या नोंदी ठेवणे ही त्यांची कामे. या कामातून नेमके काय शिकायचे असते, या प्रश्नाचे एक उत्तर १९१७ सालच्या बडोद्यात सापडते. हा थ्रेड त्या उत्तराविषयी आहे.

२/ इंटर्नशिप हा शब्द नवा असला तरी मराठीत तिच्यासाठी जुना शब्द आहे: उमेदवारी. पक्की नेमणूक होण्याआधी माणूस काही काळ कचेरीत उमेदवार म्हणून राबत असे आणि खात्याच्या रीती शिकून घेत असे. वरिष्ठ उमेदवाराला पारखत, आणि उमेदवारही नकळत कचेरीला पारखत असे. या गोष्टीतील उमेदवार होते भीमराव रामजी आंबेडकर. वय वर्षे २६.

३/ आधी संस्थानाविषयी. महाराजा सयाजीराव गायकवाड हे त्या काळच्या संस्थानिकांत पुढारलेल्या विचारांचे राज्यकर्ते होते. १९०६ मध्ये त्यांनी संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी त्यांनी त्याच्याही पुष्कळ आधी शाळा काढल्या होत्या. १९१३ मध्ये त्यांनी आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. अट एकच: परतल्यावर १० वर्षे संस्थानची नोकरी करायची.

४/ आंबेडकरांनी १९१५ मध्ये कोलंबियातून एम.ए. केले आणि १९१६ मध्ये ते लंडनला पोहोचले. तेथे अर्थशास्त्राचा व कायद्याचा अभ्यास सुरू असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली. ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईत परतले. पहिले महायुद्ध ऐन भरात होते. त्यांचे सामान ज्या जहाजावर होते ते पाणतीराने बुडवले आणि त्यांची पुस्तकेही समुद्रात गेली. कराराप्रमाणे बडोद्याला रुजू व्हायचे होते. त्याप्रमाणे ते निघाले.

५/ पुढचा प्रसंग त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात सांगितला आहे. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव त्यांच्या मनातून जवळजवळ पुसली गेली होती. बडोद्याच्या स्थानकावर उतरताच ती परत आली. प्रश्न साधा होता: राहायचे कुठे? हिंदूंच्या खाणावळवजा विशींमध्ये खरी ओळख सांगून जागा मिळणार नव्हती, आणि खोटी ओळख उघडी पडली तर काय होईल याची त्यांना कल्पना होती.

६/ शेवटी ते एका पारशी सराईत गेले. पारशी धर्मात अस्पृश्यता नाही, तेव्हा तेथे अडचण येणार नाही, असा त्यांचा विचार होता. पण सराई फक्त पारशांसाठी होती. सराईच्या राखणदाराला गिऱ्हाईक हवे होते आणि आंबेडकरांना छप्पर. तोड निघाली ती अशी: नोंदवहीत पारशी नाव लिहायचे. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेला, संस्थानने स्वतः बोलावलेला अधिकारी खोट्या नावाने राहू लागला. वरच्या मजल्यावरची लहानशी खोली, भोवती अडगळीच्या सामानाने भरलेले दालन, रात्री कंदिलाचा अंधुक उजेड आणि सोबतीला कोणी नाही.

७/ आता कचेरी. आंबेडकरांना महालेखापालांच्या कार्यालयात उमेदवार म्हणून घेण्यात आले होते. चरित्रग्रंथांत त्यांच्या पदाचा उल्लेख महाराजांचे लष्करी सचिव असाही येतो. पुढे त्यांच्याकडे अर्थखाते सोपवावे असे महाराजांच्या मनात होते, असेही चरित्रकार सांगतात. पदनाम कोणतेही घेतले तरी एक गोष्ट स्पष्ट आहे. नेमणूक खुद्द महाराजांच्या इच्छेने झाली होती आणि उमेदवाराची विद्वत्ता वादातीत होती.

८/ तरीही कचेरीत काय घडत होते? शिपाई त्यांच्या हातात फाइल देत नसत, दुरून टेबलावर फेकत. ते जाण्यासाठी उठले की चटया गुंडाळून ठेवल्या जात. कचेरीत त्यांना प्यायला पाणी मिळत नसे. हे करणारे लोक हुद्द्याने त्यांच्याहून कितीतरी खाली होते. पगाराच्या तक्त्यावर जो सर्वांत खाली होता, तो जातीच्या तक्त्यावर स्वतःला वर मानत होता, आणि कचेरीचा रोजचा व्यवहार या दुसऱ्या तक्त्याप्रमाणे चालत होता.

९/ आंबेडकरांच्या बालपणाशी हे ताडून पाहावे. शाळेत त्यांना स्वतःच्या हाताने नळ सोडण्याची परवानगी नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे, शिपाई नसेल त्या दिवशी तहान तशीच राहत असे. मधल्या वर्षांत त्यांनी दोन खंडांतील विद्यापीठे पालथी घातली. बडोद्याच्या कचेरीत शिपाई हजर होते, आणि पाणी मात्र तरीही नव्हते.

१०/ येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबून एक गोष्ट टिपून ठेवावी. या सर्व प्रकारात संस्थानचा कोणताही लेखी नियम मोडला गेला नव्हता. नेमणूक झाली होती, हजेरीपटावर नाव होते. कोणी तक्ता तयार केला असता तर ‘अस्पृश्य वर्गातील अधिकारी: १’ अशी अभिमानास्पद नोंद त्यात दिसली असती. फेकलेल्या फाइलसाठी त्या तक्त्यात रकाना नव्हता.

११/ वरिष्ठांनी काय केले? सरकारी बंगला मिळावा म्हणून आंबेडकरांनी अर्ज केला होता. त्यांना ती निकड होती, दिवाणांच्या कचेरीला ती वाटत नव्हती. अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. कोणी नकार दिला नाही आणि कोणी बंगलाही दिला नाही. कचेऱ्यांना न बोलता नाही म्हणण्याची कला पूर्वीपासून अवगत आहे.

१२/ सराईतील अकराव्या दिवशी सकाळी जेवण उरकून आंबेडकर कचेरीला निघत होते. ग्रंथालयाला परत करायची पुस्तके त्यांनी हाती घेतली होती. तेवढ्यात जिन्यावर पावले वाजली. हातात काठ्या घेतलेले डझनभर संतप्त पारशी दारात उभे राहिले. तू कोण, सराई का बाटवलीस, असे प्रश्न सुरू झाले. ते गप्प राहिले. खोट्या नावाचे समर्थन त्यांना करता येत नव्हते. संध्याकाळपर्यंत जागा रिकामी करण्याची ताकीद देऊन जमाव निघून गेला.

१३/ शहरात त्यांचे दोन मित्र होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. हिंदू मित्राला वाईट वाटले, पण तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील, असे त्याने सांगितले. ख्रिस्ती मित्र म्हणाला की पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारून सांगतो. ते कुटुंब मूळचे ब्राह्मण होते आणि पत्नीचे मन जुन्या वळणाचे होते, हे आंबेडकरांना ठाऊक होते. दोघांपैकी कोणीही दुष्ट नव्हता. दोघांनीही नकाराचा भार दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर ठेवला, एकाने नोकरांच्या आणि दुसऱ्याने पत्नीच्या.

१४/ मुंबईची गाडी रात्री ९ वाजता होती. मधले तास काढायला जागा नव्हती, म्हणून ते कामाठी बागेत जाऊन झाडाखाली बसले. आज वडोदऱ्यात त्या घटनेचे स्मारक आहे आणि लोक त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात. त्या दुपारी मात्र तेथे एक तरुण अधिकारी बसला होता. त्याच्याकडे नोकरी होती, पण त्या शहरात रात्र काढायला खोली नव्हती. पुढे अनेक वर्षांनी हा प्रसंग लिहितानाही डोळ्यांत पाणी आल्याशिवाय राहत नाही, असे त्यांनी नमूद केले आहे.

१५/ या उमेदवारीत त्यांना काय शिकायला मिळाले? एक धडा त्यांनी स्वतः नोंदवला आहे: हिंदूंच्या दृष्टीने जो अस्पृश्य, तो पारशांच्या दृष्टीनेही अस्पृश्यच ठरतो, हे त्यांना त्या दिवशी प्रथम कळले. भेदभाव ज्या धर्मात सांगितलेला नाही त्या धर्माची माणसेही शेजाऱ्यांकडून तो उचलतात. दुसरा धडा त्यांच्या पुढच्या कामातून वाचता येतो. आत घेण्याचा हुकूम आणि आत सामावून घेणे यांत अंतर असते, आणि हे अंतर सदिच्छेने आपोआप मिटत नाही.

१६/ संस्थानने काय शिकावे? अर्थशास्त्राचा इतका व्यासंगी जाणकार संस्थानच्याच पैशाने तयार झाला होता. १० वर्षांचा करार हातात होता. खोली आणि पाण्याचा पेला यांची सोय न झाल्यामुळे तो माणूस संस्थानच्या सेवेत टिकला नाही. येथे भेदभावाची किंमत कचेरीनेही मोजली, पण तिच्या हिशेबवहीत ती कधी मांडली गेली नाही.

१७/ हा केवळ एका संस्थानचा दोष होता, असे म्हणता येत नाही. नोव्हेंबर १९१८ मध्ये आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. शहर आधुनिक, सहकारी उच्चशिक्षित. तेथेही अध्यापकांसाठी ठेवलेल्या घड्यातले पाणी त्यांनी पिण्यास काही प्राध्यापकांनी हरकत घेतली. बडोद्यात शिपाई होते, इथे प्राध्यापक. तेव्हा शिक्षण वाढले की हे आपोआप जाईल, ही समजूतही टिकत नाही.

१८/ याच काळात कोल्हापुरात वेगळा प्रयोग चालू होता. २६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू महाराजांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा आदेश काढला. ही प्रवेशाची बाजू झाली. आरक्षणाच्या इतिहासात हा आदेश सर्वांना माहीत असतो. त्यानंतरच्या एका आदेशाची चर्चा मात्र त्या मानाने कमी होते.

१९/ १९१९ मध्ये शाहू महाराजांनी आपल्या अधिकाऱ्यांना बजावले की दरबारच्या नोकरीत आलेल्या अस्पृश्यांना ममतेने आणि समतेने वागवलेच पाहिजे. ज्याला हे मान्य नसेल त्याने आदेश मिळाल्यापासून ६ आठवड्यांच्या आत तसे कळवून राजीनामा द्यावा. त्याला निवृत्तिवेतन मिळणार नाही. बडोद्यात नव्या माणसाने कचेरीशी जुळवून घ्यावे अशी अपेक्षा होती. कोल्हापुरात जुळवून घेण्याची जबाबदारी कचेरीवर टाकली गेली, आणि ती टाळण्याची किंमत ठरवून दिली गेली. समावेशनाच्या धोरणाचा सारा फरक या दोन वाक्यांत आहे.

२०/ शाहू महाराजांना हुकमाच्या मर्यादाही ठाऊक होत्या. राजवाड्यातील सेवक गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याच्या कारणावरून मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढायला मदत केली. ‘सत्यसुधारक’ नावाचे त्यांचे हॉटेल उभे राहिले. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः लवाजम्यासह तेथे जाऊन चहा घेऊ लागले. राजाच्या हातात कप दिसल्यावर सोबतच्या मानकऱ्यांना नाही म्हणणे अवघड झाले. नियम आणि वरिष्ठांचे प्रत्यक्ष आचरण, दोन्ही लागतात.

२१/ आता कचेरीतून गिरणीत. मुंबईच्या कापडगिरण्यांत हजारो अस्पृश्य कामगार होते, परंतु विणाई खात्याचे दार त्यांना बंद होते. हे खाते जास्त मजुरीचे. कारण ऐकायला अगदी क्षुल्लक वाटते: सूत संपून नवी कांडी घातली की विणकर धाग्याचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घेत असे. ज्या धोट्याला अस्पृश्याचे ओठ लागले तो आम्ही तोंडाला लावणार नाही, असे सवर्ण कामगारांचे म्हणणे होते. बडोद्यातला पाण्याचा घडा इथे धोट्याच्या रूपाने पुन्हा समोर आला.

२२/ १९२८ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. सुमारे दीड लाख कामगार अनेक महिने बाहेर होते. विणाई खाते अस्पृश्यांना खुले करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत यावी, असा आग्रह डॉ. आंबेडकरांनी धरला. नेत्यांनी ती नाखुशीने मांडली. मालकांचे उत्तर असे की हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. ते अर्धसत्य होते. मालकांनी बंदी घातली नव्हती आणि उठवलीही नव्हती. कामगार ती पाळत होते. बडोद्याच्या दोन मित्रांप्रमाणे येथेही दोष दुसऱ्याच्याच दारात होता.

२३/ फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी असेच एक उदाहरण दिले. अस्पृश्य माणूस रेल्वेत आयुष्यभर गँगमनच राहतो, त्याला पोर्टरसुद्धा होता येत नाही. कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामेही करून घेतो, आणि अस्पृश्याला घरात कसे घ्यायचे? नेमणुकीच्या नियमांत असे काहीही लिहिलेले नव्हते. अडथळा स्टेशनमास्तरच्या स्वयंपाकघरात होता. सूक्ष्म कारणे शोधण्याची ही दृष्टी वाखाणण्यासारखी आहे: कामाच्या कोणत्या टप्प्यावर, कोणत्या वस्तूपाशी, कोणाच्या सोयीसाठी माणूस अडवला जातो?

२४/ १९४२ ते १९४६ या काळात डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४३ मध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८⅓ टक्के जागा राखून ठेवण्याचा निर्णय झाला, आणि १९४६ मध्ये हे प्रमाण १२½ टक्के झाले. ही पुन्हा प्रवेशाची बाजू. मात्र तेवढ्यावर ते थांबले नाहीत. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा असे सुचवले आणि बहिष्काराची व्याख्याही दिली. घर भाड्याने देण्यास नकार हा त्या व्याख्येचाच एक भाग होता.

२५/ संविधानातील कलमे या प्रकाशात वाचून पाहावीत. कलम १६ सार्वजनिक नोकरीत समान संधीची हमी देते. कलम १७ अस्पृश्यता नष्ट करते. कलम १५ च्या दुसऱ्या खंडात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट यांचा नावानिशी उल्लेख आहे. मूलभूत हक्कांच्या उदात्त भाषेत विहीर आणि उपाहारगृह कशाला, असे पहिल्या वाचनात वाटू शकते. बडोद्याची ती सराई आठवली की हे शब्द तेथे का हवेत, ते कळते.

२६/ अर्थात इतिहासात सरळ रेषा ओढण्याचा मोह आवरला पाहिजे. संविधान एका माणसाच्या एका दुपारीतून जन्मले नाही. त्यामागे सभेतील दीर्घ चर्चा, अनेक चळवळी आणि असंख्य लोकांचे अनुभव होते. महाडचा १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह पाण्यासाठीच होता आणि त्यात हजारो लोक होते. तरीही मसुदा समितीच्या अध्यक्षाने हा भेदभाव स्वतःच्या तहानेतून आणि बेघर दुपारीतून ओळखला होता, हे विसरता येत नाही.

२७/ पुन्हा इंटर्नशिपकडे. समावेशनाच्या विभागात काम शिकणाऱ्याच्या हाती आधी तक्ता येतो. तक्ता आवश्यकच आहे, कारण प्रवेशच नसेल तर पुढचे प्रश्न उद्भवत नाहीत. परंतु तक्ता पुरा झाला की उठून कचेरीत एक फेरी मारावी. जेवणाच्या सुट्टीत कोण कोणाबरोबर बसते? आडनाव कळल्यावर कोणाशी बोलण्याचा सूर बदलतो? नव्या शहरात आलेल्या सहकाऱ्याला घर मिळते का? कोणता अर्ज न फेटाळताच फिरत राहिला आहे?

२८/ आणि शेवटचा प्रश्न बडोदे व कोल्हापूर यांच्यातील फरकाचा. जुळवून घ्यावे अशी अपेक्षा कोणाकडून आहे, नव्याने आलेल्याकडून की आधीपासून बसलेल्यांकडून? १९१७ मध्ये एका उमेदवाराने कचेरीची पारख केली आणि कचेरी त्या परीक्षेत नापास झाली. फेरपरीक्षा प्रत्येक कार्यालयात, नवा माणूस दारातून आत येतो त्या प्रत्येक सकाळी होत असते.

थ्रेड समाप्त.